पातेल्यातलं पाणी

नांगर वर आला तेव्हा वहिनी कांदे चिरत होती, त्यामुळे तिच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. साखळीचा खडखडाट थांबला, डोक्यावर डेकवरून पावलं धावली, दोर ओढणाऱ्यांचा हाकारा झाला आणि पहिलं शीड वाऱ्याने भरलं. लग्न करून या जहाजावर आली त्या सफरीपासून ती हा आवाज ऐकत आली होती आणि दर वेळी तिला त्याने हुरूप यायचा. आज मात्र तिचे कान दुसऱ्याच आवाजाकडे लागले होते. तिचा नवरा ओरडतोय का, हे ती ऐकत होती.

नवरा ओरडत नव्हता. हीच तर काळजी होती.

दादा, म्हणजे तिचा नवरा, या जहाजाचा तांडेल. माल भरायचा, शिडं चढवायची-उतरवायची, खलाश्यांना कामाला लावायचं, सगळं त्याच्या हाती. त्याच्या वर एकटा कप्तान. बंदर सोडताना दादाचा आवाज धक्क्यापलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा, आणि त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय सफर सुरू झाल्यासारखी वाटत नाही असं जुने खलाशी म्हणायचे. आज तो हातानेच खुणा करत होता. "हा ओढा, तो सोडा," एवढंच. सभ्य माणसासारखा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात, जमिनीवरच्या घरात, जेवताना दादाच्या वडिलांनी, कप्तान बाबांनी, हात पुसले आणि सांगून टाकलं, "पुढच्या सफरीपासून जहाज छोटीचं. मी बसून येईन, माल म्हणून." छोटी म्हणजे त्यांची धाकटी लेक, दादाची बहीण. चाळिशीला टेकली, केसांत चंदेरी तार आली, तरी घरात छोटी ती छोटीच. दादाने हातातला पाव खाली ठेवला नाही की आवाज चढवला नाही. "बरं," म्हणाला आणि जेवत राहिला. या घरात "बरं" हा फार वाईट शब्द होता. वहिनीच्या चुलतसासऱ्यांनीसुद्धा एके काळी असंच "बरं" म्हटलं होतं, आणि पुढच्याच सफरीला ते वाटाड्याच्या होडीतून उतरून गेले होते.

वाटाड्याच्या होडीची गोष्ट अशी. बंदराच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, आणि ते दर वर्षी जागा बदलतात. म्हणून बंदराचा वाटाड्या जहाजावर येतो, दांड्यांमधून जहाज बाहेर काढून देतो आणि मागे दोराने बांधून आणलेल्या आपल्या होडीतून परत जातो. पणजोबांनी नियम घालून दिला होता: त्या होडीतून ज्याला परत जायचं असेल त्याने जावं, त्याला "का" म्हणून विचारायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. होडी सुटली की मात्र पलीकडचा किनारा येईपर्यंत कुणी जमिनीचं नाव काढायचं नाही. चुलतसासरे उतरले ते आता दोरखंडांचं दुकान चालवतात, सणावारी घरी जेवायला येतात, आणि आजतागायत कुणी त्यांना विचारलेलं नाही.

आणि दादाची पिशवी अजून बांधलेलीच होती. एरवी जहाजावर पाय ठेवला की आधी तो पिशवी सोडायचा, सदरे खुंटीला लावायचा, दाढीचं सामान खिडकीत मांडायचा. कालपासून ती जाड कापडाची पिशवी खोलीच्या दाराआड गाठ मारून उभी होती. वहिनी रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा तिलाच ठेचकाळली. नवऱ्याने तिला "तूही चल" म्हटलं नव्हतं, "मी चाललो" म्हटलं नव्हतं, काहीच म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत दोघांनी एकही सफर वेगळी केली नव्हती. तो उतरला तर आपण चूल धरून बसायचं की त्याच्या मागे शिडी उतरायची, हे तिला कळत नव्हतं, आणि कळत नाही याचा तिला राग येत होता.

तिने कांदे पातेल्यात टाकले आणि चहाचे पेले काढले. पेले टेबलावर ठेवले तसे ते सावकाश उजवीकडे घसरू लागले. तिने पटकन हात आडवा घातला.

"हे काय नवीन?" ती स्वतःशीच म्हणाली.

वारा पाठीमागून होता, हलका. असल्या वाऱ्यात जहाज ताठ उभं असायला हवं. तिने वर पाहिलं. खुंटीला टांगलेला डाव भिंतीपासून सुटून तिरका लोंबत होता. कंदीलसुद्धा तिरका. चुलीवर बटाट्याच्या रश्श्याचं मोठं पातेलं मात्र अगदी सरळ, रश्श्याची कड चहूकडून सारखी. डाव म्हणत होता जहाज उजवीकडे वाकलंय, पातेलं म्हणत होतं काही नाही, सगळं ठीक आहे.

आता इतर जहाजांवर अशा वेळी पातेल्याला कुणी विचारत नाही. जहाज सरळ बसलंय का, हे कळायला बाहेरच्या अंगाला पाण्याजवळ रंगाच्या खुणा असतात. शहाणी माणसं त्या खुणा बघून माल भरतात. या घराण्याची रीत मात्र वेगळी. माल भरताना चुलीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवायचं, आणि पाणी ज्या बाजूने सांडेल त्या बाजूची पोती उचलून दुसरीकडे न्यायची. पाणी सगळीकडून सारखं टेकलं की "बास". रंग खोटं बोलतो, पाणी बोलत नाही, असं पणजोबा म्हणत. तेव्हापासून पोरंबाळं, सुना-जावई, सगळे पातेलंच बघत आले.

"अगं, माझी सुईची डबी चालली!" दाराबाहेरून आत्या ओरडल्या.

आत्या बाबांच्या थोरल्या बहीण. जहाजाची शिडं शिवायचं काम त्यांचं. स्वयंपाकघराच्या दाराशी ऊब असते म्हणून फाटकं शीड मांडीवर घेऊन त्या तिथे बैठक मारायच्या, आणि शिडाला एक टाका घालीपर्यंत माणसांना दोन घालायच्या.

"आत्या, जहाज वाकलंय," वहिनी डबी उचलून देत म्हणाली.

"वाकणारच. थोरला जिवंत, धडधाकट असताना धाकटीच्या हाती सुकाणू दिल्यावर जहाजाने काय ताठ उभं राहायचं? मी बाळला तेव्हाच सांगितलं होतं." बाळ म्हणजे बाबा. सगळं बंदर ज्यांना वचकून असायचं त्या कप्तानाला बाळ म्हणणारी पृथ्वीवर ही एकच बाई उरली होती. "पण माझं कोण ऐकतं? मी आपली शिवते."

"छोटीला आकाश कळतं, आत्या. गेल्या वादळात तिने आधी सांगितलं म्हणून शिडं वाचली."

"आणि ती उतरवली कुणी? दादाने." आत्यांनी दातांनी दोरा तोडला. "तू बायको कुणाची गं? नणंदेची बाजू घेतेस?"

"मी चुलीच्या बाजूची," वहिनी म्हणाली, आणि चहाचा ट्रे घेऊन वर निघाली.

सुकाणूवर छोटी उभी होती आणि शेजारी वाटाड्या. वाटाड्या म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस, जन्मभर दुसऱ्यांची जहाजं बाहेर काढून स्वतः संध्याकाळी घरी जेवणारा. कठड्याशी दादा दोर गुंडाळत होता.

"तांडेल," वाटाड्या मोठ्याने म्हणाला, "तुमचं जहाज उजव्या कानात काहीतरी सांगतंय समुद्राला! यंदा माल कुणी भरला?"

दोनचार खलाशी हसले. दादा हसला नाही. "मी भरला," तो म्हणाला. त्याचे कान लाल झालेले वहिनीला लांबून दिसले. आजवर त्याने भरलेल्या जहाजावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्याने दोर खुंट्याला अडकवला, चहा न घेता पुढच्या टोकाकडे निघून गेला.

वाटाड्या पेला घेऊन वाळूच्या दांड्यांकडे बघायला कठड्याशी गेला, तसा वहिनीने आवाज खाली आणला. "छोटी, तू बाहेरच्या खुणा बघितल्या होत्यास का गं?"

छोटीने सुकाणूवरचा हात न काढता चहाचा घोट घेतला. "बघितल्या."

"मग?"

"उजवीकडे चार बोटं जास्त बुडालंय."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"वहिनी, बाबांनी आयुष्यात कधी दादाचा माल तपासला नाही. दादा म्हणाला झालं, की झालं. मी पहिल्याच दिवशी तपासायला जाऊ?" तिने नजर पुढेच ठेवली होती. "चार बोटांनी जहाज बुडत नाही. तेवढ्यावरून दादा गेला तर मात्र मला जन्मभर पुरेल."

"तो जाईल असं वाटतं तुला?"

"सकाळपासून तो मला सगळ्यांसमोर छोटी म्हणतोय. 'छोटी, शीड चढवू?' 'छोटी, दोर सोडू?' खलाशी एकमेकांकडे बघतात. मी काही म्हणत नाही." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "त्याने एकदा जरी नीट हाक मारली असती ना, तर मला कळलं असतं तो राहतोय."

वहिनीला एकदम तिच्याबद्दल माया दाटून आली. या नणंदेने लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत तिचं ओकणं बादलीत धरलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तिने छोटीच्या पाठीवर हात ठेवला, तसाच काढून घेतला आणि ट्रे उचलला. कप्तानाच्या पाठीवर सगळ्यांसमक्ष हात ठेवायचा नसतो.

शेवटचा पेला बाबांचा. बाबा मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, आपल्या लाकडी खुर्चीत बसले होते. पलीकडचा किनारा येईपर्यंत जहाजाच्या कामात एक शब्द बोलणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. ती पाळताना त्यांचे नको ते हाल होत होते. समोर एक खलाशी चुकीची गाठ मारत होता. बाबांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी त्यांनी खोकून घेतलं.

"घ्या चहा, बाबा. जीभ भाजून घ्या, म्हणजे सोपं जाईल."

"चेष्टा कर माझी," बाबा म्हणाले आणि पेला खुर्चीच्या रुंद हातावर ठेवला.

पेला हलला नाही.

वहिनी पाठ फिरवणार होती, ती थबकली. सगळ्या जहाजावर माणसं डावा पाय वाकवून, उजवा टेकवून उभी होती. आत्यांची डबी घसरत होती, बादल्या घसरत होत्या, आणि हा एक म्हातारा मात्र आपल्या खुर्चीत घरच्यासारखा सरळ. ती खाली वाकली. खुर्चीच्या उजव्या पायाखाली लाकडाचा एक त्रिकोणी तुकडा खोचलेला होता, काळाकुट्ट, एका कडेला जुन्या उतू गेलेल्या दुधाचा पिवळा थर.

तिने तो तुकडा लगेच ओळखला. तिच्याच चुलीचा होता.

स्वयंपाकघराची जमीन डावीकडे किंचित खचलेली होती. सासूबाईंनी कधी काळी मोडक्या वल्ह्याच्या दांड्यातून एक पाचर कापून चुलीच्या डाव्या पायाखाली दिली होती, तेव्हा कुठे चूल सरळ झाली. कोळशाच्या डब्यामागे असल्याने ती कुणाला दिसायची नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूची आठवण कोण ठेवतो? पाचर काढली तर चूल डावीकडे झुकणार, आणि झुकलेल्या चुलीवर पातेल्यातलं पाणी सरळ आणायचं तर अख्खं जहाज उजवीकडे वाकवावं लागणार. दादाने तेच केलं होतं. पाण्यावर विश्वास ठेवून.

"बाबा, हे काय?"

"खुर्ची डुगडुगत होती."

"ही माझ्या चुलीची पाचर आहे."

"तुझ्या सासूची आहे," बाबा समुद्राकडे बघत म्हणाले. "तिच्या हातची म्हणून जवळ ठेवली."

"माल भरायच्या आधी? नेमकी?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. इकडेतिकडे पाहिलं. मग पुटपुटले, "सूनबाई, हळू बोल. वाकडं जहाज टाकून तो उतरायचा नाही. उतरला तर बंदरभर होईल, तांडेलाने जाता जाता डाव साधला, बहिणीला वाकडं जहाज देऊन गेला. ओळखतो मी त्याला. रागाने जाईल, पण बदनामी घेऊन जाणार नाही."

"म्हणजे तुम्ही त्याला अडकवून ठेवलंत."

"मी लेकाला जवळ ठेवलं. छोटीला समुद्र येतो, पण दादाशिवाय तिला जहाज येणार नाही. आणि त्याचं…" म्हाताऱ्याचा आवाज जरा हलला, "मी त्याला दुखावलं, ते मला कळलं नाही असं वाटतं का तुला? मला समजूत घालता येत नाही. कधीच आली नाही. जे येतं ते केलं. तू फक्त होडी सुटेपर्यंत गप्प राहा."

मागून वाटाड्याची हाक आली. दांडे संपत आले होते. दोन खलाशी होडीचा दोर ओढून ती जहाजाच्या उजव्या अंगाला आणू लागले.

वहिनीने वाकून पाचर ओढून काढली. खुर्ची कलली, चहा बाबांच्या धोतरावर सांडला, आणि ती काही न बोलता चालायला लागली. गप्प राहायला सासऱ्याचा हुकूम हवा होता असं नाही, तिला स्वतःलाच गप्प राहायचं होतं. थोडाच तर वेळ. होडी सुटली की नवरा तिचा, जहाज सगळ्यांचं, आणि सत्य काय, नंतर कधीतरी रश्श्याबरोबर वाढता येईल. पण मग पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, रोज सकाळी, तो मान खाली घालून आपल्याच चुकीची पोती हलवताना बघायचं. आणि तिला ठाऊक असायचं.

दादा खोलीत होता, पलंगाच्या कडेवर. पिशवी मांडीवर. गाठ तशीच.

"अहो," ती म्हणाली आणि पाचर त्याच्यापुढे धरली. "तुम्ही माल चुकीचा भरला नाहीत. ही चुलीखाली नव्हती. बाबांनी काढली होती, मुद्दाम, तुम्ही उतरू नये म्हणून. तुमचा काही दोष नाही, हे वाटाड्याला मी स्वतः सांगते. मग जायचं तर जा."

एका दमात बोलून टाकलं तिने, नाहीतर मधेच जीभ फिरली असती.

दादाने पाचरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि तो चक्क ओशाळला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पातेलं बघायला आलो तेव्हा कोळसा घ्यायला वाकलो. चुलीचा पाय उघडा दिसला. बाहेर आलो तर बाबांच्या बंडीचा खिसा काळा. आता याला काय अक्कल लागते?"

वहिनी दाराला टेकली. "मग पोती तशीच लावलीत? माहीत असून?"

"लावली." त्याने गाठीशी चाळा केला. "उतरायची हिंमत होत नव्हती आणि राहायला तोंड नव्हतं. 'बरं' म्हणून बसलो होतो ना. म्हटलं, म्हातारा राहायला कारण देतोय, तर घेऊन ठेवावं. नाइलाज झाला असं म्हणता येईल."

"आणि ही पिशवी?"

"सोडली असती तर ठरल्यासारखं झालं असतं."

वहिनीला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. सगळ्या जहाजाला ठाऊक! कप्तानाला ठाऊक, तांडेलाला ठाऊक, म्हाताऱ्याने तर घडवून आणलेलं. आणि चूल जिची, तीच बाई रात्रभर पिशवीला ठेचकाळत बसलेली.

"धन्य आहे तुमच्या घराण्याची," ती म्हणाली. "एक जण सरळ बोलेल तर शपथ. आता ऐका. मी सांगून टाकलंय, त्यामुळे तुमचं कारण गेलं. आता नाइलाज नाही. जायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जा, मी 'का' विचारणार नाही. पण राहायचं तर तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहा. आणि मला बरोबर न्यायचं की नाही हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याचं मी वेगळं बघून घेईन."

"विचारलं नाही, कारण तू 'नाही' म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," ती म्हणाली, आणि हे आपल्याला आत्ताच कळलं असं तिला वाटलं. "माझं पातेलं चुलीवर आहे." ती निघून आली.

ती डेकवर पोचली तेव्हा वाटाड्या शिडीची एक पायरी उतरला होता. होडी खाली हेलकावत होती, त्यात त्याची दोन माणसं वल्ही धरून बसली होती. नियमाप्रमाणे वाटाड्या थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "कुणी आहे का बरोबर?"

दादा वर आला. खांद्यावर पिशवी.

आत्यांची सुई शिडातच राहिली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. छोटीने सुकाणू घट्ट धरलं आणि समोर बघत राहिली, नियम म्हणजे नियम. वहिनीने ओल्या फडक्याचा पिळा केला आणि तो पिळतच राहिली.

दादा उजव्या कठड्याकडे गेला. शिडीपाशी पोचला. वाटाड्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. दादाने त्या हाताकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, मग वळला, अख्खं डेक ओलांडून डाव्या कठड्याशी गेला आणि पिशवी तिथे धपकन टाकली.

"तेवढंच वजन डावीकडे," तो म्हणाला. मग वाटाड्याकडे वळून त्याने तो आवाज लावला जो सकाळपासून कुणी ऐकला नव्हता, "अहो, उतरा आता! तुमचंही वजन उजवीकडेच आहे, आणि ते काही कमी नाही!"

खलाश्यांमध्ये हशा पिकला. वाटाड्या हसत हसत होडीत पडला. दोर सुटला, आणि होडी मागे मागे जात लहान झाली.

"मी म्हणतच होते," आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "भावंडं एकत्रच शोभतात." त्या कधी म्हणत होत्या, हे कुणी विचारलं नाही.

बंदरात व्हायला हवं होतं ते त्यानंतर समुद्रात झालं. वहिनीने गुडघे टेकून पाचर चुलीखाली ठोकली. पातेलं लगेच उजवीकडे कललं आणि रस्सा फसकन निखाऱ्यांवर सांडला. जहाज वाकडं असल्याचं पातेल्याने कबूल केलं. तिने रस्सा दुसऱ्या भांड्यात काढला आणि पातेल्यात काठोकाठ पाणी भरलं. प्यायचं पाणी मोजून वापरायचं असतं, म्हणून समुद्राचं. खाली तळात दादा आणि खलाशी उजवीकडची पोती डावीकडे न्यायला लागले. त्याच्या शिव्या फळ्यांमधून वर येत होत्या आणि त्या ऐकून जुने खलाशी सुखावले होते. आत्या दारात, बाबा त्यांच्या मागे, ओलं धोतर सावरत. छोटीने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तीही येऊन उभी राहिली. सगळं घराणं एका पातेल्यात डोकावत होतं.

"अजून," वहिनी जिन्यातून खाली ओरडली. "अजून दोन पोती. आता एक. हळू."

पाण्याची कड सरकत सरकत वर आली. उजवीकडून सांडायचं थांबलं. जहाजाच्या प्रत्येक झोक्याला ती इकडे एक बोट, तिकडे एक बोट, आणि मधे सारखी.

"बास" म्हणायचा मान कप्तानाचा. इतकी वर्षं तो शब्द याच दारातून बाबा बोलत आले होते, आणि आत्ताही त्यांचं तोंड उघडलं. आत्यांनी त्यांच्या पाठीत कोपर मारलं. बाबांनी खोकून घेतलं.

छोटीने पाण्याकडे पाहिलं. ओठ हलवले. आवाज फुटला नाही.

"झालं का?" खालून दादाची हाक आली. "अरे, झालं का कुणीतरी सांगा!"

"पाणी सरळ आहे," वहिनी म्हणाली. "पण सांगायचं मी नाही."

खालून दादाचा आवाज आला, धापा टाकत, पण स्पष्ट, तळापासून शिडापर्यंत प्रत्येक माणसाला ऐकू जाईल असा:

"कप्तान! पोतं खांद्यावर आहे माझ्या, आणि पाठ माझी जुनी आहे. हुकूम झाल्याशिवाय मी काही खाली ठेवायचा नाही!"

छोटीने बाहीने नाक पुसलं.

"बास, दादा," ती म्हणाली. "ठेव खाली."